डोंगर, डोंगरी, डूंगरी : भूवाचक शब्दांच्या भाषांतराविषयी

जयपूर शहराच्या आग्नेयेस अरवलीचा जो फाटा आहे तो 'झालाना डूंगरी' या नावाने ओळखला जातो. मराठी वाचकास यातील उत्तरपद परके वाटत नाही. 'डूंगर' आणि 'डोंगर' हे एकाच घराण्यातील शब्द असून लघुत्वदर्शक ईकारान्त रूपही दोन्हीकडे आहे. मुंबईतील 'डोंगरी' या वस्तीचे नाव त्याचीच साक्ष देते. तरीही राजस्थानी कथेच्या मराठी अनुवादकास 'टेकडी' हाच शब्द सोयीचा वाटेल, कारण प्रमाण मराठीत 'डोंगरी' हे आता मुख्यतः विशेषण म्हणून उरले आहे : डोंगरी किल्ला, डोंगरी मुलूख. येथे हानी थोडी आहे. झालान्याच्या उतारांवरील 'धोक' या वृक्षास 'धावडा' म्हटल्यानेही फारसे बिघडत नाही. जाती भिन्न असल्या तरी दोन्ही वृक्ष जवळच्या नात्यातले आहेत.

खरी अडचण भूमीच्या वापराचे शब्द येतात तेथे सुरू होते. राजस्थानातील 'ओरण' म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तेथे कुऱ्हाड चालवणे निषिद्ध, पण गुरे व शेळ्यामेंढ्या चारण्यास सामान्यतः मुभा असते. 'देवराई' म्हटले की पावित्र्य येते आणि त्याबरोबर सह्याद्रीतील दाट, ओलसर झाडीही येते. चराई मात्र नाहीशी होते. 'गायरान' म्हटले की चराई परत येते, पण देव जातो. मराठीतील 'रान' हा शब्द अधिक व्यापक आहे. 'अरण्य' या शब्दापासून आलेल्या या शब्दाने देशावरचा शेतकरी आपले पिकाचे शेतही दाखवतो, आणि तोच शब्द जंगलासही चालतो. 'ओरण' याची व्युत्पत्तीही 'अरण्य' शब्दाशी जोडली जाते. तथापि मूळ एक असले म्हणून हक्क एक होत नाहीत. अशा स्थळी 'ओरण' हाच शब्द ठेवून संदर्भाने तो उलगडू देणे, हाच मार्ग इष्ट दिसतो.

शेतीच्या शब्दांत अर्थांतराचे आणखी एक मासलेवाईक उदाहरण आढळते. राजस्थानच्या महसुली भाषेत पावसावरची जमीन ती 'बारानी' आणि विहिरीच्या पाण्याची ती 'चाही'. दोन्ही शब्द फारसी. मराठीने याच परंपरेतून 'जिरायत' घेतला. मुळात त्याचा अर्थ केवळ लागवड एवढाच. परंतु 'बागायत' या शब्दाच्या जोडीस बसल्यावर त्यास 'कोरडवाहू' हा अर्थ चिकटला. उत्तरेकडील दस्तऐवजातील 'जिराअत' मराठीत जसाच्या तसा उतरवणारा अनुवादक म्हणूनच फसतो. कोकणातील 'वरकस' या शब्दाची गत याहून बिकट आहे. नाचणी-वरीची उतारावरची हलकी जमीन, आणि भाताच्या राबासाठी जेथून पालापाचोळा आणावयाचा ती जमीन, हे सारे त्या एका शब्दात आहे. 'निकृष्ट भूमी' म्हटल्याने त्यातील राब निघून जातो, आणि राबावाचून भाताचे रोप कसे होणार?

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राचे भाषा संचालनालय (1960), केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग (1961) आणि झालान्यातच कार्यालय असलेली राजस्थान हिंदी ग्रंथ अकादमी (1969) यांनी विद्यापीठीय अध्यापनास परिभाषा पुरवली. 'भूमी उपयोजन'सारख्या संज्ञा नकाशास उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु त्या भूमीचा प्रकार सांगतात. तेथे कोण चारतो, कोण तोडतो, हे सांगत नाहीत.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. 12 डिसेंबर 1996 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' हा शब्द कोशातील अर्थानेच घ्यावा, मालकी कोणाचीही असो, असे म्हटले. कोणता कोश, कोणत्या भाषेतला, ही पृच्छा तौलनिक अभ्यासकाने करावयाची आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी त्याच न्यायालयाने राजस्थानातील ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांस वन म्हणून नोंदवण्यास सांगितले. संरक्षण मिळाले, पण चराईचे काय, ही चिंता गुराख्यांस लागली. नोव्हेंबर 2025 मध्ये भोवतालच्या भूमीपासून किमान 100 मीटर उंच तीच अरवलीची टेकडी, ही व्याख्या न्यायालयाने स्वीकारली आणि जनक्षोभानंतर डिसेंबरअखेर स्थगित ठेवली. लोकभाषेतील 'डूंगरी' या शब्दास असे कोणतेही माप ठाऊक नाही. ज्या उंचवट्यावर गुरे चढतात आणि ज्याच्या पायथ्याशी पाणी साठते, तोही डूंगरीच असतो.