तिकीट कितीला होतं ते विचार

काल फोनवर तुझा रडवेला आवाज ऐकला आणि मला आधी हसूच आलं. रागावू नकोस गं. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस फुलसावंगीला माहेरी आलीस, तर लॅपटॉपवर ऑफिस सोबत आलंच. रेंजसाठी गच्चीवर चकरा, पोराचा राहिलेला अभ्यास, आईने पुढ्यात ठेवलेलं तुरीच्या शेंगांचं टोपलं. आणि हे कमी म्हणून बाबा पेनड्राइव्ह घेऊन मागे लागलेत, "एकदा तरी नीट बसून 'शोले' पाय. काऊन टाळून रायली?" तू म्हणालीस, ताई, मी काय करू, माझ्याकडे तीन तास कुठे आहेत?

बघ, आधी एक श्वास घे. हे तुझ्याच घरात चाललंय असं समजू नकोस. आपल्या पट्ट्यात साठीच्या आसपासच्या प्रत्येक बापाकडे असा एक पिच्चर असतो. कुणाचा 'शोले', कुणाचा 'दीवार', कुणाचा दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या'. गावच्या राजकारणावर बोलणारा बाप असेल तर 'सामना', त्यातला निळूभाऊंचा साखरसम्राट आणि डॉक्टर लागूंचा मास्तर. माझ्या मोठ्या काकांचा तर 'देवकीनंदन गोपाला', १९७७ चा, राजदत्तांनी गाडगेबाबांवर काढलेला. लागू त्यात गाडगेबाबा झालेत. काका तो सिनेमा पाहायला बसण्याआधी अंगण झाडून घेतात. खोटं नाही सांगत, खराटा हातात घेऊन स्वतः झाडतात. मग आम्ही कुणी पाय पसरून बसू शकतो का?

आता माझा गाढवपणा ऐक, म्हणजे तुला तुझं बरं वाटेल. कॉलेजला होते, दोन पुस्तकं जास्त वाचली होती. आमच्या बाबांनी 'शोले' लावला. मी अर्ध्या तासात चुका काढायला लागले. म्हटलं, बाबा, या रामगढात वीज नाही, ठाकूरच्या घरी कंदील जळतात, मग ती पाण्याची टाकी भरते कशी? हा प्रश्न सगळ्या देशात विचारून झालाय, पण मला वाटलं मीच शोधून काढला. बाबांनी पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "आपल्याकडं तारही आहे अन् टाकीही आहे. पाणी येते काय रोज?" आई स्वयंपाकघरातून खदखदून हसली. मी मात्र इरेला पेटून पुढच्या आणखी चार चुका सांगितल्या. मग ते उठले, टीव्ही बंद केला आणि शेताकडे निघून गेले. दोन दिवस माझ्याशी फक्त 'जेवली काय' एवढंच. म्हणून सांगते, चुका तुलाही दिसतील. दिसू दे. तोंडात एक शेंगदाणा टाक आणि गप्प बस.

बरं, आता वेळेचं. 'शोले' तीन तासांच्या वर जातो, एका बैठकीत पाहायचा हट्ट कुणीच धरू नये. जुन्या पिच्चरला मध्यंतर आहे ना, ते कशासाठी आहे? बाबांना सरळ सांग, "आज मध्यंतरापर्यंत, उरलेला उद्या जेवण झाल्यावर." बघ, लगेच मान डोलावतील. त्यांनाही नऊनंतर झोप येते, फक्त ते कबूल करत नाहीत. पण एकदा हो म्हटलंस की मग बस. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लाव. बापाला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की आपण म्हणतोय 'आता पाय, आता येते तो सीन' आणि पोरगी खाली मान घालून बोटं चालवतेय. हात रिकामे राहत नसतील तर ते शेंगांचं टोपलं मांडीवर घे. तुरीच्या शेंगा न बघता सोलता येतात. मी एकदा अर्धी पाटी मध्यंतराआधी संपवली होती. शेवटच्या मारामारीत मात्र टरफलं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात गेले, ते आईला अजून सांगितलेलं नाही.

पोराचं म्हणशील तर तुझा सहा वर्षांचा आहे, त्याला 'शोले'ला बसवू नकोस. ठाकूरच्या हातांचं प्रकरण त्या वयाला जड जातं, मग रात्री तो तुझ्या कुशीत आणि तू जागी. त्याच्यासाठी आजोबांना 'अशी ही बनवाबनवी' लावायला सांग. १९८८ चा आहे, पण सचिन आणि लक्ष्या साडी नेसून आले की पोरं अजूनही लोळतात. हा मूळचा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला, हे बाबांना हळूच सांगून बघ. आधी मानणार नाहीत, मग चार माणसांना स्वतःच सांगत फिरतील. आणि 'झपाटलेला' मात्र नको गं बाई. माझ्या धाकट्याला मी हौसेनं दाखवला, बाहुलाच तर आहे म्हणून. त्या तात्या विंचूपायी त्याने आत्याने दिलेला नवा कोरा बाहुला पत्र्यावर फेकला. तो पावसाळाभर तिथेच होता, आणि आत्या आली की आम्ही तिला मागच्या दाराने घरात घेत होतो.

आणखी एक, हे जरा मोकळेपणी बोलते. या पिच्चरांतलं सगळंच गोड मानून घे असं माझं म्हणणं नाही. बाईला थोबाडीत मारली की टाळ्या, बाई सोसत राहिली की डोळ्यांना पदर, असं त्यात भरपूर आहे. 'पिंजरा' बघताना मला दर वेळी वाटतं, मास्तर घसरला तो त्याच्या पायाने, मग सगळा बोल त्या नाचणारणीलाच का? हे मी आमच्या बाबांना म्हटलं, पण पिच्चर संपल्यावर, चहा घेताना. त्यांनी कप खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "तवा असं कोणाच्या डोक्यात नाही आलं." वाद नाही, भांडण नाही. तेच मी मध्येच पिच्चर थांबवून बोलले असते तर परत शेताकडे गेले असते. पोरगा वाढवतेस तर त्याच्याशीही असंच बोल. पाहू दे, मग विचार, तुला कसं वाटलं?

आता मुद्द्याचं सांगते, नीट ऐक. बापाला पिच्चरची गोष्ट विचारू नकोस, ती तर समोर दिसतेच आहे. त्याला विचार, हा कुठे पाहिला? कुणासोबत? तिकीट कितीला होतं? जायला बंडी होती की पायी गेलात?

मला हे कसं कळलं ते सांगते. आमच्या बाबांचा ठाम दावा होता की अमिताभ उजव्या हाताचा. आता तो डावखुरा आहे हे साऱ्या जगाला माहीत, पडद्यावरही दिसतं. पण बाबा ऐकायला तयार नाहीत. "मी 'दीवार' पायला, तवा तो सगळं उजव्या हातानं करे." भाऊ चिडायचा, मी हसायचे, काका म्हणायचे म्हातारा झाला. दिवाळीत एकदा टीव्हीवर 'दीवार' लागला, मी भावाला गप्प केलं आणि सहज विचारलं, बाबा, तुम्ही हा पाहिला तरी कुठे?

तर म्हणाले, जत्रेतल्या तंबूत. तेव्हा टुरिंग टॉकीज यायची ना. कनात लावायची, मध्ये पांढरा पडदा, एकच मशीन. रीळ संपलं की अंधार, लोक शिट्ट्या मारायचे, मग पुढचं रीळ चढायचं. बाबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. पुढच्या बाजूने बसायला पैसे नव्हते. पडद्याच्या मागच्या बाजूला तिकीट जवळजवळ नव्हतंच. पोरं तिथे गवतावर बसायची. पडदा पातळ, उजेड आरपार यायचा, चित्र दिसायचं सगळं. फक्त उलटं.

समजलं का तुला? उलटं. डावा हात उजवीकडे. म्हणून अमिताभ उजव्या हाताचा. पिच्चरचं नावही उलटंच दिसायचं, पण ते कुणाला वाचायचं होतं? ७८६ चा बिल्ला दुसऱ्या बाजूला, जिना चढायचा तो भलतीकडून. बाबांनी चाळीस वर्षं तोच 'दीवार' डोक्यात जपला होता. आणि एवढी वर्षं आम्ही त्यांना खोटं पाडत होतो.

ते हे सांगत होते आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण काय सांगून बसलो. जरा लाजले. मग म्हणाले, "आवाज मात्र तिकडूनही सरळच येते." भाऊ उठून पाणी प्यायला गेला. मी काही बोलले नाही, मला सुचलंच नाही काही.

तेव्हा तू आज 'शोले'ला बसशील तर हेच विचार. तो आला १५ ऑगस्ट १९७५ ला, आपल्या गावाकडे पोचायला किती वेळ लागला असेल? आधी पाहिला की आधी ऐकला? कारण त्याच्या संवादांच्या वेगळ्या रेकॉर्डी निघाल्या होत्या. हॉटेलात, लग्नाच्या मांडवात त्या वाजायच्या आणि पिच्चर न पाहिलेल्या पोरांनाही गब्बर तोंडपाठ असायचा. शेवट झाला की आणखी एक सांग त्यांना. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायाने तुडवून मारतो. आणीबाणीचे दिवस होते, सेन्सॉरने तो शेवट बदलायला लावला आणि ऐन वेळी पोलीस आणून उभे केले. मग विचार, बाबा, तुम्हाला कुठला शेवट पटतो? एवढं विचारलंस की तुला पुढे काही बोलावं लागणार नाही, तू फक्त शेंगा सोल.

आणि जाता जाता, हे विसरू नकोस. सगळ्या घरांत बापाचा पिच्चर कोणता ते ठाऊक असतं. आईचा कोणता, विचारलंय कधी? माझ्या आईने 'शोले' सलग असा कधी पाहिलाच नाही. तो तिला स्वयंपाकघरातून ऐकून पाठ आहे. कुठल्या संवादाला भाकरी उलटायची हेही ठरलेलं. मी एकदा तिला विचारलं तर म्हणाली, "मले कुठचा आला पिच्चर." अर्ध्या तासाने भाकरी थापता थापता आपणच बोलली, "'माहेरची साडी'."

बाबांनी मान वर केली. "तू कवा पायला?"

"तुम्ही कापूस घेऊन गेल्ते तवा."

आता तुला माहीत आहे, त्या काळी कापूस विकायला गेलेला माणूस संकलन केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगेत दोन-दोन, तीन-तीन दिवस अडकून पडायचा. तेवढ्यात गल्लीतल्या सगळ्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून टॉकीजला जाऊन आल्या होत्या. अलका कुबलचा तो पिच्चर १९९१ चा, म्हणजे मी तेव्हा आईच्या मांडीवर. आणि मध्यंतर झाल्यावर मी असं भोकाड पसरलं म्हणे की आईला उरलेला पिच्चर मला घेऊन बाहेर काढावा लागला. शेवट तिला ट्रॉलीत परत येताना बायांनी सांगितला. इतकी वर्षं तिच्याकडे तेवढाच होता, ऐकलेला.

मी तिथल्या तिथे तो शोधून लावला. मध्यंतरानंतरचा. तिला खुर्ची दिली, कणकेचं ताट हातातून काढून घेतलं. चहा बाबांनी केला. साखर दोनदा पडली होती, पण आई काही बोलली नाही, पदर डोळ्यांना लावून बसली होती.

तर आज रात्री जेवणं लवकर आटप, भांडी उद्यावर टाक. आईसाठी खुर्ची आधी मांड, मग टीव्ही लाव. ऑफिसला सांग, गावात रेंज नाही. ते तर खरंच आहे गं. आणि तिकीट कितीला होतं ते कळलं की रात्री कितीही वाजले असले तरी मला फोन कर.