वर्गातला विस्तव

मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवण्यात हयात गेली. त्यातले आगीच्या शब्दांपुरते हे बोल.

१. वाक्प्रचारांची यादी घोकून घेऊ नये. ती परीक्षेपुरती टिकते. शब्द कुणाच्या धंद्यातून आला ते सांगावं. 'फ्लॅश इन द पॅन' म्हटलं की पोरं थेट स्वयंपाकघरात शिरतात. हा पॅन तिथला नव्हेच. जुन्या चकमकीच्या बंदुकीला बाजूला एक इवलीशी वाटी असे, तिच्यात चिमूटभर दारू, म्हणजे रंजक. घोडा ओढला की गारगोटी पोलादावर घासायची, ठिणगी पडायची आणि रंजक भपकन पेटायची. ती आग भोकातून नळीतल्या दारूपर्यंत पोचली तर बार. नाही पोचली तर नुसता भपका, गोळी जागच्या जागी. 'हँग फायर'ही बंदुकीचाच: चाप ओढला, पण बार रेंगाळला. सरकारी फायलींना हा फार शोभतो. एवढं फळ्यावर चित्र काढून सांगितलं की पुन्हा अर्थ विचारावा लागत नाही.

२. मराठीत जोडी सापडली म्हणून हुरळून जाऊ नये. 'आगीत तेल ओतणं' इंग्रजीत जवळजवळ तसंच आहे. पण 'आगीतून फुफाट्यात' घ्या. इंग्रजांचा गडी कढईतून उडी मारतो तो आगीत पडतो. आपला आगीतून सुटतो आणि तापल्या राखेत रुततो. म्हणजे त्यांची गोष्ट जिथं संपते तिथं आपली सुरू होते! आणि 'लाइक अ हाउस ऑन फायर'चं काय करणार? पहिल्याच भेटीत दोघांची गट्टी जमली, एवढाच त्याचा अर्थ. एका पठ्ठ्यानं लिहिलं होतं, 'त्यांची मैत्री घर जळाल्यासारखी झाली.' गुण कापले, पण पेपर स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवला.

३. सिनेमात सेनापती तिरंदाजांना 'फायर!' म्हणून ओरडला की समजावं, लेखकानं अभ्यास केलेला नाही. बाणाला कसली आलीय बत्ती? तो हुकूम बंदुका-तोफांचा.

४. नोकरीवरून 'फायर' करणं ही अमेरिकेची देणगी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. आपण नारळ देतो. निदान हातात काहीतरी पडतं.

५. 'इन्' दिसला की नकार, हा नियम शिकवताना अपवादही त्याच तासाला सांगावा. टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. 'इनकरेक्ट' शिकून आलेला मुलगा त्याचा अर्थ 'अजिबात न पेटणारं' असा लावणार, आणि त्यात त्याची चूक नाही. हा लॅटिन 'इन्' नकाराचा नाही, 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणं यातला आहे. खुद्द इंग्रजी बोलणारेही इथं घसरतात. म्हणूनच अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी 1920च्या दशकात नुसत्या 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. आपल्या टँकरवर जुनाच शब्द टिकून आहे. मात्र टँकरला टेकून कुणी बिडी पेटवत असेल तर त्याला लॅटिन सांगत बसू नये. आधी बिडी विझवायला लावावी.