घरी बनवलेला सेल चार्जिंग होल्डर : स्वतःच्या टेबलासाठी बनवा, विकायला नको



आपल्या जालना जिल्ह्यात कपाशी आणि मोसंबीची फवारणी सुरू झाली की बॅटरी पंप दुरुस्तीला रांग लागते. भोकरदनचा असो की घनसावंगीचा, शेतकरी एकच विचारतो, "भाऊ, उद्या सकाळी मिळेल का?" त्याला खरं उत्तर द्यायचं असेल तर आधी आपलं चार्जिंग नीट पाहिजे. म्हणून व्हिडिओत दाखवलेला होल्डर इथे सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक

पहिल्या हंगामात मी पुठ्ठ्याच्या खोक्यात स्प्रिंगा लावून होल्डर केला होता. घाईत एक सेल उलटा बसला. मॉड्यूलमधून धूर निघाला, सेल हातात धरवेना इतका तापला. वाळूची बादली जवळ होती म्हणून निभावलं. पण त्या गिऱ्हाइकाचा पॅक दोन दिवस लेट झाला आणि त्याची फवारणी हुकली. तो माणूस परत दुकानात आला नाही. वीस-तीस रुपयांचं मॉड्यूल जळाल्याचं दुःख नव्हतं, गिऱ्हाईक गेलं त्याचं होतं.

कोणता सेल?

हा होल्डर फक्त 18650 लिथियम-आयन सेलसाठी आहे. 18 मिमी जाडी, 65 मिमी लांबी, साधारण 3.7 व्होल्ट, फुल चार्ज 4.2 व्होल्ट. काही पंपांत 3.2 व्होल्ट लिहिलेले जाड सेल असतात, त्यांना लिथियम फेरो फॉस्फेट म्हणतात. ते 3.65 व्होल्टला भरतात. ते या होल्डरवर लावायचे नाहीत म्हणजे नाहीत.

सेल लावण्याआधी मीटर लावा. 2.5 व्होल्टच्या खाली गेलेला, फुगलेला, गंजलेला किंवा आवरण फाटलेला सेल सरळ बाजूला. आपल्या दुकानाचा हा नियमच करून टाका.

कसा बनवायचा?

1. वायरिंगचा 25 मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरा. त्या पन्हाळीत सेल छान बसतो. खाली फरशीचा तुकडा घ्या. पुठ्ठा, थर्माकोल, कापड काही नको.

2. प्लसकडे पितळी पट्टी, मायनसकडे स्प्रिंग. स्प्रिंग लोखंडी असते, तिच्यातून 1 अँपिअर गेला की ती तापते. म्हणून स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना तांब्याची मऊ वायर सोल्डर करा. करंट वायरमधून जाईल, स्प्रिंग फक्त दाब देईल.

3. प्रत्येक सेलला स्वतंत्र टीपी4056 मॉड्यूल. एका मॉड्यूलवर दोन-तीन वेगवेगळे सेल पॅरलल लावू नका. भरलेला सेल रिकाम्या सेलमध्ये जोरात करंट ढकलतो. मॉड्यूल स्वतःही तापतं, ते सेलला चिकटवू नका.

4. प्लसच्या बाजूला लाल, मायनसला काळा रंग, आतून-बाहेरून. जुन्या पॅकमधून काढलेल्या सेलला प्लसकडे उंच बटण नसतं, त्यामुळे घाईत डोळा फसतो.

5. आता तपासणी. चार्जिंग चालू असताना मीटरचं एक टोक मॉड्यूलच्या प्लसवर, दुसरं थेट सेलच्या प्लसवर. मायनसकडेही तसंच. 0.05 व्होल्टच्या आत फरक आला तर ठीक. 0.3 आला तर जोड कच्चा आहे, तिथे उष्णता वाया जातेय आणि मॉड्यूलला सेल भरत आल्यासारखं वाटून करंट लवकर कमी होतो. म्हणजे वेळ वाढतो.

आता धंद्याचं गणित

समजा पंपाच्या पॅकमध्ये 12 सेल आहेत, तीन सिरीज आणि चार पॅरलल. 2600 एमएएचचा सेल 1 अँपिअरने भरायला साधारण साडेतीन तास लागतात. 5 व्होल्ट 10 अँपिअरच्या सप्लायवर मी आठच सेल लावतो, दहा नाही. सप्लायलाही दम पाहिजे. म्हणजे 12 सेलना दोन फेऱ्या, सात तास. शिवाय भरलेले सेल एक दिवस तसेच ठेवून पुन्हा मोजायचे. ज्याचा व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा जास्त उतरला तो पॅकमध्ये घालायचा नाही. मग "उद्या सकाळी देतो" म्हणायचं की "परवा दुपारी या"? परवाच सांगा आणि परवा द्याच. मध्ये लाइट गेली तर ते तासही धरा.

विकू का?

बरेच जण विचारतात, "सर, असे होल्डर बनवून विकले तर?" माझं उत्तर, नको. आपल्या टेबलावर आपण समोर बसलेलो असतो. गिऱ्हाईक तो गादीजवळ लावून झोपेल, त्यात कुठलाही सेल घालेल, आणि काही झालं तर नाव तुमचं. रात्री दुकान बंद करताना मीसुद्धा मेन स्विच बंद करूनच जातो.

विकायचं असेल तर सेवा विका: सेल तपासणी, पॅक दुरुस्ती, लेखी वॉरंटी. नवीन सेल घेताना आयएस 16046 चा बीआयएस शिक्का बघा आणि बिल जपून ठेवा. खराब सेल कचऱ्यात टाकू नका; 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते वेगळे ठेवून गोळा करणाऱ्याकडे किंवा रिसायकलरकडे द्यायचे असतात. उद्या जुन्या बॅटऱ्या नव्याने बांधून विकण्याचं काम मोठं करायचं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीची चौकशी आधी करा.

या आठवड्याचा गृहपाठ

एकच खाना बनवा. एक सेल भरा. वहीत चार गोष्टी लिहा: सुरुवातीचा व्होल्टेज, लागलेला वेळ, दोन्ही जोडांवरचा फरक, दुसऱ्या दिवशीचा व्होल्टेज. हे चार आकडे नीट आले की मगच दुसरा खाना. धंदाही असाच एकेक खाना वाढवायचा असतो.

भेटू पुढच्या धड्यात. काळजी घ्या, आणि वाळूची बादली विसरू नका!