मुलांच्या हाती भ्रमणध्वनी : निवड, दक्षता आणि ग्रामसभा

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार हे कल्याण-अहिल्यानगर महामार्गावरील गाव. परिसर ऊस, कांदा आणि टोमॅटोचा. उसाच्या आश्रयाने बिबट्यांचा वावर वाढल्यापासून या पट्ट्यातील पालक मुलांना तिन्हीसांजेच्या आत घरात घेतात. नेमक्या त्याच वेळी मोठी माणसे गोठ्यात किंवा दुसऱ्या दिवशीचा माल निवडण्यात गुंतलेली असतात आणि मुलाच्या सोबतीला उरतो तो भ्रमणध्वनी. बाहेरच्या धोक्यापासून मूल वाचते. पडद्यावरून घरात येणाऱ्या अनोळखी माणसाकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

शेतकरी कुटुंबात हे यंत्र आता चैनीची वस्तू राहिलेले नाही. ई-पीक पाहणी, बाजारभाव, बँकेचा व्यवहार आणि शाळेचा गृहपाठ हे सारे त्यावरच चालते. 'असर'च्या 2024 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील 14 ते 16 वयोगटातील 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी 57 टक्के मुलांनी पाहणीपूर्वीच्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला होता, तर 76 टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. तेव्हा प्रश्न मुलाला फोन द्यावा की न द्यावा एवढाच नसून कोणता द्यावा व कसा द्यावा, हा आहे.

निवड करताना

बहुतेक घरांत नवा फोन वडिलांसाठी येतो आणि जुना मुलाकडे जातो. काटकसर म्हणून हे योग्य दिसले, तरी सर्वांत अधिक जोखीम याच फोनमध्ये असते. त्यात वडिलांचे खाते उघडेच असते, पैसे पाठविण्याचे अॅप असते, कित्येकदा बँकेशी जोडलेले सिमकार्डही असते. त्या खात्यावर वापरणाऱ्याचे वय प्रौढाचे नोंदलेले असल्याने मुलांसाठीची बंधने लागूच होत नाहीत. शिवाय फार जुन्या फोनला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा मिळणे थांबलेले असते. जुना फोन द्यायचाच असेल तर तो आधी पूर्णपणे पुसून घ्यावा, बँकेचे सिमकार्ड काढावे आणि मुलाची खरी जन्मतारीख देऊन स्वतंत्र खाते उघडावे.

केवळ शाळेतून वा शिकवणीहून येताना निरोप देण्यापुरती गरज असेल, तर साधा बटणांचा फोन पुरेसा आहे. मात्र हल्लीच्या काही बटणांच्या फोनवरही चित्रफिती व इंटरनेट चालते, हे दुकानात विचारूनच घ्यावे. आठवी-नववीनंतर अभ्यासासाठी स्मार्टफोन लागलाच, तर अँड्रॉइड फोनवर 'फॅमिली लिंक' ही विनामूल्य सोय उपलब्ध आहे. तिच्यायोगे नवे अॅप घेण्यास पालकांची परवानगी लागते, रोजचा वेळ ठरविता येतो व रात्री फोन आपोआप बंद होतो. ही व्यवस्था मुलाला सांगून करावी, चोरून करू नये. पाळत ठेवली जात असल्याचे कळले की मुलगा मित्राचा फोन वापरू लागतो.

फसवणूक कशी होते

समवयस्क असल्याची बतावणी करून अनोळखी व्यक्ती खेळाच्या वा समाजमाध्यमाच्या अॅपवर ओळख काढते, विश्वास मिळविते, छायाचित्र मागते आणि पुढे तेच प्रसिद्ध करण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी छायाचित्रे उकळते. सारा डाव मूल घरी सांगणार नाही, या खात्रीवर उभा असतो. मूल का सांगत नाही? फोन काढून घेतील ही एक भीती, मार बसेल ही दुसरी. मुलीच्या बाबतीत शाळाच बंद होईल ही तिसरी. ही शेवटची भीती अनाठायी आहे असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच शिक्षकांनी पालकसभेत या विषयावर स्पष्ट बोलणे अगत्याचे आहे.

असा प्रकार उघडकीस आल्यास पैसे देऊ नयेत व संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. आर्थिक फसवणुकीसाठी 1930 आणि संकटातील बालकांसाठी 1098 हे दूरध्वनी क्रमांक आहेत. पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. बालकांची अश्लील चित्रे बाळगणे वा पसरविणे हा पोक्सो कायदा, 2012 व माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. गावच्या गटावर 'सावध राहा' म्हणून असे चित्र पुढे पाठविणाऱ्या सज्जनांनीही याची नोंद घ्यावी.

गावांनी केलेले प्रयोग

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 साली सायंकाळी 7 वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. बेळगावजवळील हलगा गावानेही पुढे असाच पायंडा पाडला. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर 2022 मध्ये 18 वर्षांखालील मुलांना भ्रमणध्वनीस बंदी करणारा ठराव केला. यांतील पहिला मार्ग अधिक टिकाऊ वाटतो, कारण त्यात मोठ्यांनाही फोन खाली ठेवावा लागतो. सरसकट बंदीची अंमलबजावणी कोण करणार, हा प्रश्न उरतोच. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद केली, पण तेथेही जबाबदारी मुलांवर नव्हे, कंपन्यांवर टाकली आहे. भारतातही 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे.

जुन्नर तालुक्यात फोन बंद ठेवण्याची सवय अगदीच नवी नाही. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात फोन बंद करावा लागतो. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपतात आणि जवळच्या फोनच्या लहरींनी त्यांत व्यत्यय येतो. सहलीला गेलेल्या मुलांना हे कारण पटते. तेथे कोणी कुरकुर करीत नाही.

पिंपरी पेंढारसारख्या गावात भोंग्याची वेळ ठरविताना मात्र एक अडचण ध्यानात घ्यावी लागेल. बिबट्या दिसल्याचा निरोप रात्री फोनवरच येतो. म्हणून घरातील एक फोन मोठ्यांजवळ चालू ठेवून मुलांचे फोन एका ठिकाणी ठेवावेत, असा ठराव सोयीचा होईल. ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत तो आधी मांडला, तर वेळ कोणती सोसते हे तेथेच कळेल.