साठ वर्षांनंतर

(रणजी करंडक ही भारतातील मुख्य क्रिकेट स्पर्धा. ती विदर्भाने प्रथमच कशी जिंकली, याची हकीकत या पाठात सांगितली आहे.)

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून सुटणाऱ्या लोकलमध्ये सकाळी पाठीवर क्रिकेटचे किट घेतलेली मुले दिसतात. ती सरावासाठी मुंबईला निघालेली असतात. मोठे खेळाडू मोठ्या शहरातच तयार होतात, असा अनेकांचा समज आहे. विदर्भाच्या संघाने तो खोटा ठरवला.

विदर्भ १९५७ पासून या स्पर्धेत खेळत होता. २०१७ पर्यंत मुंबईने हा करंडक ४१ वेळा जिंकला होता. विदर्भाला मात्र एकदाही अंतिम फेरी गाठता आली नव्हती.

त्या वर्षी मुंबईचे चंद्रकांत पंडित विदर्भाचे प्रशिक्षक झाले. ते शिस्तीचे कडक होते. नागपूरचा फैज फजल कर्णधार होता. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम शाळेतून पुढे आलेला अनुभवी वसीम जाफरही संघात होता. त्याचे वय तेव्हा ३९ होते.

उपान्त्य सामना कोलकात्यात बलाढ्य कर्नाटकाशी झाला. शेवटच्या दिवशी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी बाकी होते. सामना फार चुरशीचा झाला. विदर्भ अवघ्या ५ धावांनी जिंकला! अभियांत्रिकी शिकलेल्या रजनीश गुरबानीने त्या डावात सात बळी घेतले.

अंतिम सामना इंदूरला दिल्लीशी होता. गुरबानीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तिघांना त्रिफळाचीत केले. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने आपले पहिले शतक झळकावले. १ जानेवारी २०१८ रोजी जाफरने विजयी फटका मारला आणि विदर्भ ९ गडी राखून जिंकला. पुढच्या वर्षीही करंडक विदर्भाकडेच राहिला.

पहाटेची लोकल पकडणाऱ्या मुलांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. साठ वर्षे करंडक मिळाला नाही, तरी विदर्भाने मैदान सोडले नव्हते.

शब्दार्थ
समज – कल्पना
बलाढ्य – खूप शक्तिमान
चुरशीचा – अटीतटीचा
अवघ्या – फक्त

स्वाध्याय
१. विदर्भाने कोणता समज खोटा ठरवला?
२. उपान्त्य सामना चुरशीचा का झाला?
३. 'मैदान सोडणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.