खिडकीच्या वरच ड्रिल का अडतं?

प्रश्न : दिवाळीत बॅटरीवरचं ड्रिल घेतलं. हॉलमध्ये फळीसाठी चार भोकं झटक्यात पडली. त्याच भिंतीत खिडकीवर पडद्याचा दांडा लावायला गेलो, तर पाऊण इंचानंतर ड्रिल नुसतं किंचाळतं, पुढे जात नाही. बॅटरी १८ व्होल्टची आहे. २१ ची घ्यायला हवी होती का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बॅटरी बिचारी निर्दोष आहे. १८, २० किंवा २१, आत सेल पाचच. सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणून पाचांचे १८. नुकताच चार्ज झालेला सेल ४.२ दाखवतो, म्हणून २१. खोक्यावर कुठला आकडा छापायचा, हा दुकानदारीचा प्रश्न.

अडलंय ते भिंतीत. ‘त्याच भिंतीत’ म्हणता, पण फळी लावली तिथे प्लास्टरमागे वीट आहे. खिडकीच्या डोक्यावर मात्र वरच्या विटांचा भार पेलायला काँक्रीटची आडवी पट्टी, म्हणजे लिंटेल, असते. साधारण सहा इंच उंच, आणि दोन्ही बाजूंना खिडकीच्या थोडी पुढे गेलेली. पाऊण इंच गेलं ते प्लास्टर. पडद्याचा दांडा नेमका याच पट्टीवर येतो, त्याला कोण काय करणार! खात्री करायची तर भुकटी पाहा. प्लास्टर संपल्यावर तांबडी आली तर वीट. करडीच राहिली आणि बिट अडलं तर काँक्रीट. (साच्यात भिंती ओतण्याच्या ‘मिवान’ पद्धतीच्या नव्या इमारतींत बहुतेक भिंती काँक्रीटच्याच, तिथे फळीसुद्धा रडवते.)

वीट खरवडून निघते, काँक्रीटमधली खडी फोडावी लागते. ‘पण माझ्या ड्रिलवर हातोडीचं चित्र आहे,’ असं तुम्ही म्हणाल. असेल. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून उड्या मारतात. मिनिटाला ठोके वीसेक हजार, पण टिचकीएवढे. इलेक्ट्रिशियनच्या रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर घाव बसतो. ठोके कमी, पण भारी. म्हणून तो अंगाचा जोर न लावता काँक्रीटमध्ये शिरतो.

तरी दांड्यापुरती चार भोकं तुमच्या ड्रिलने पडतील. पुढची कडी हातोडीच्या चित्रावर आणा. आकड्यांवर राहिली तर जोर पडताच कटकट वाजते. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे, स्क्रू जादा आवळला जाऊ नये म्हणूनची सोय आहे. बिट भिंतीचंच हवं, टोकाला कार्बाइडची रुंद चकती असलेलं. लाकडाचं किंवा लोखंडाचं बिट इथे जळून निळं पडतं. आधी ४ मिलिमीटरचं भोक, मग ६ चं. आणि दर पाच-सात सेकंदांनी बिट बाहेर काढून भुकटी झाडा.

या शेवटच्या गोष्टीला हसू नका. १९७१ मध्ये ‘अपोलो १५’च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर बॅटरीवरच्या, ठोके देणाऱ्या ड्रिलनेच भोक पाडायला घेतलं. जायचं होतं सुमारे तीन मीटर, अडलं निम्म्यावर. ड्रिलच्या दांड्याच्या जोडांपाशी मळसूत्री खाचा खंडित होत होत्या आणि त्यामुळे भुकटी वर येईना. (यावरून बिनवायरचं ड्रिल ‘नासा’ने शोधलं, असं बरेच जण समजतात. ब्लॅक अँड डेकरने ते १९६१ मध्येच बाजारात आणलं होतं.)

भुकटीत लोखंडाचा चकचकीत कीस दिसला तर सळई लागली समजा. तिथेच थांबा आणि इंचभर सरका. हे सगळं नको असेल, आणि वर लगेच बीम नसेल, तर दांडा सात इंच वर न्या. तिथे पुन्हा वीट आहे. पडदा तेवढा लांब शिवावा लागेल.