बॅनरवरचा लोहार

मिरवणूक म्हटलं की आपल्याला गणपती आणि ढोल-ताशे आठवतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कामगार संघटनांच्या मिरवणुका निघत, आणि तिथे मिरवायचं ते स्वतःचं हुन्नर! पुढे रंगवलेला भलामोठा रेशमी बॅनर. मँचेस्टरच्या पीपल्स हिस्ट्री म्युझियममध्ये लिव्हरपूलच्या पत्रा-कारागिरांचा १८२१ चा बॅनर आजही जपलेला आहे.

मला यातलं इंजिनियरिंग जास्त आवडलं. ऑइल पेंट वाळून कडक झाला की बॅनर गुंडाळताना तडे जाणारच. लंडनच्या जॉर्ज टटिलने १८६१ साली पेटंट घेतलं: रेशमाला आधी रबराचा थर, त्यावर रंग. मग रंग कापडाबरोबर वाकतो. दुसरा शत्रू वारा. बॅनर चार मीटर बाय साडेतीन मीटर धरा, वारा सेकंदाला दहा मीटर. फ्लुइड मेकॅनिक्सचं सूत्र लावून बघा, सुमारे हजार न्यूटन येतात. म्हणजे शंभर किलोंचा रेटा! म्हणूनच दोन काठ्या पेलणाऱ्यांशिवाय पुढे-मागे दोर ताणून धरायलाही माणसं लागत.

आता आपल्या कामाची गोष्ट. १८५१ साली इंजिनियर कामगारांची मोठी संघटना स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हाची स्पर्धा जिंकली जेम्स शार्पल्स नावाच्या लोहाराने. हा गडी लहानपणीच फाउंड्रीत लागला. तिथे फोरमन बॉयलरचं ड्रॉइंग खडूने थेट जमिनीवर काढायचा, ते बघत याचा हात तयार झाला. (आपल्याला ड्रॉइंग हॉल, मिनी ड्राफ्टर आणि तरीही केटी!) त्याच्या चित्रात युद्धदेव मार्स मोडकी तलवार दुरुस्तीला घेऊन आलाय आणि लोहार चक्क नाही म्हणतोय. वर वॅट, आर्कराइट आणि क्रॉम्प्टन. तिघांपैकी एकाकडेही इंजिनियरिंगची डिग्री नव्हती.

आपल्याकडे स्मिदी शॉप म्हणजे फर्स्ट इयरची कटकट. काहीजण जॉब वर्कशॉपच्या मामांकडून करून घेतात आणि फाईलवर नाव स्वतःचं घालतात. मामांचं नाव कुठेच नसतं. त्या लोहाराचं चित्र मात्र संघटनेच्या बॅनरांवर चढलं. त्याच्याच छापील प्रतींवर सभासद स्वतःचं नाव लिहून घेत आणि फ्रेम करून घरात भिंतीवर लावत.